डोक्यातला तुडतुडा

सिंदेवाहीला माझं शेतीच्या औषधांचं दुकान आहे. शेतकरी येतो, खिशातून धानाचं एक मलूल पान काढून काउंटरवर ठेवतो आणि गप्प उभा राहतो. जणू मुडदा आणून ठेवलाय, आता खुनी कोण ते मी सांगायचं. मी सांगतो. पान उलटं करतो, सुलटं करतो, ‘हं’ म्हणतो आणि खोडकिडा, करपा किंवा तुडतुडा यांच्यापैकी एकावर आळ घेतो. या धंद्यात माणूस संशयी होतो. जिथं काही वाळलं, जिथं काही गळलं, तिथं कोणीतरी लपून खात बसलंय असंच त्याला वाटायला लागतं. बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, हा संशय ठीक. मी तो घरात आणला.

झालं असं, की दिवाळीच्या तोंडावर मी केस कापायला बसलो होतो. न्हावी माझा जुना दोस्त. माझ्या डोक्यावर मशीन चालवता चालवता तो गावभराच्या बातम्या देतो. त्या दिवशी तो एकाएकी थांबला.

“भाऊ, हालू नका.”

मशीन बंद. मी विचारलं, “काय झालं?”

“काई नाई.”

काही नाही म्हणणारा माणूस मशीन स्पिरिटनं पुसत नाही. यानं पुसली. दोनदा. बाकावर नंबर लावून बसलेला एक माणूस हळूच बाकाच्या टोकाला सरकला.

“चाई लागली जी तुमाले,” न्हावी म्हणाला आणि मागून आरसा धरला.

कानाच्या वर, थोडं मागच्या अंगाला, कवडीएवढी गोल जागा. आत एकही केस नाही, कातडी चकचकीत. आता चाई म्हणजे काय, तर केसांत पडलेलं असं गोल टक्कल. पण आमच्याकडे सगळे सांगतात, की चाईचा एक किडा असतो, माणूस झोपला की तो केसांची मुळं खातो. हा किडा आजवर कोणी पाहिलेला नाही. किड्यांवरच पोट असलेल्या माणसानं निदान ‘दाखव बरं’ एवढं तरी म्हणायला हवं होतं. पण मला तर तो चट्टा बघताक्षणी ओळखीचा वाटला. तुडतुडा असाच करतो. धानाच्या बुंध्याशी बसून गुपचूप रस पितो, वरून सगळं हिरवंगार, आणि एक दिवस बांधीच्या मधोमध गोल जागा करपून जाते, कोणी गरम कढई टेकवून उचलल्यासारखी. दिवसही तुडतुड्याचेच होते. मी मनात निदान करून टाकलं.

“आला कुठून हा?” मी विचारलं.

“माझ्या मशीनवर नका येऊ जी. मी मशीन पुसतो.”

“आत्ता पुसली तू.”

“रोज पुसतो!”

आम्ही आरशातून एकमेकांकडे बघत राहिलो. पाण्यावरून भांडण असलेले दोन बांधशेजारी बघतात तसे.

घरी बायकोला सांगितलं. सांगायला नको होतं. माझ्या बायकोची वेणी कमरेखाली जाते, तेव्हा तर नक्कीच जायची. आमच्या घरात पाहुण्यांनी आपणहून तारीफ करावी अशी तेवढी एकच वस्तू. तिनं माझं डोकं खिडकीपाशी नेऊन पाहिलं आणि त्याच पावली जाऊन माझा कंगवा, माझा टॉवेल आणि माझी उशी वेगळी काढली.

“तुमचा किडा माझ्या डोक्यात आला ना,” ती म्हणाली, “माझी वेणी गेली ना, तं मी मायच्या घरी निघून जाईन. आन् मंग तुमी आन् तुमचा किडा, सुखानं राहा.”

ती थट्टा करत नव्हती. तिच्या डोळ्यांत मला शेतकरी दिसला, शेजारच्या बांधीत रोग पाहून आलेला.

आता मला किड्यापेक्षा त्याला आणणारा माणूस हवा होता. मी आठवून आठवून काढला: माझा साळा. तो बल्लारपूरला कामाला आहे. पोळ्याला आला तेव्हा माझं हेल्मेट घेऊन दोन दिवस फिरला होता. त्याचं कपाळ दरवर्षी बोट बोट मागं सरकतंय, हे तर सगळ्यांना दिसत होतं. मी फोन लावला आणि वळसे घालत हेल्मेटवर आलो.

“भाऊजी,” तो म्हणाला, “माझं टक्कल बापाचं आहे. बाबांचं डोकं पाह्यलं ना तुमी? हेल्मेट त काई बाबांनी घातलं नवतं.”

मुद्दा बिनतोड होता. म्हणूनच मला जास्त संशय आला. मी हेल्मेट दिवसभर उन्हात उलटं ठेवलं. उशीची खोळ काढून अंगणात अंथरली आणि दुकानातलं भिंग घेऊन तिच्यावर वाकलो. एक मुंगी सापडली. मी तिच्याकडे बराच वेळ संशयानं पाहिलं. बायको दारातून बघत होती. “माझ्या भावावर आळ घेऊन झाला असंन,” ती म्हणाली, “तं आता मुंगीची जबानी घ्या.”

मग उपाय सुरू झाले. लसूण चोळला. कांद्याचा रस लावला. दुकानातला निंबोळी अर्क लावला, तोही बाटलीवरच्या मापानं, म्हणजे धानाला लागतो तेवढा. गिऱ्हाईक काउंटरपासून दोन हात लांब उभं राहून बोलू लागलं. चट्टा वाढून आता रुपयाएवढा झाला होता.

आणि मग बायकोचे केस गळायला लागले.

आधी कंगव्यात. मग न्हाणीच्या जाळीत. मग कणकेत. एका सकाळी ती दुकानात आली, गिऱ्हाईक बसलेलं असताना, आणि तिनं केसांचा एक पुंजका काउंटरवर ठेवला. शेतकरी पान ठेवतो तसाच.

“घ्या. तुमच्या किड्याचं काम.”

मी ‘हं’ म्हटलं.

इथं माझ्या अकलेचा खरा नमुना आहे. तिच्या डोक्यात गोल चट्टा कुठंच नव्हता. सगळीकडूनच केस सारखे विरळ होत होते, भांग तेवढा रुंद झाला होता. शेतकऱ्यानं मला सांगितलं असतं, की भाऊ, एका जागी चट्टा नाही, सगळी बांधीच फिकी पडून राह्यली, तर मी त्याला किडीचं औषध कधीच दिलं नसतं. आधी खताचं विचारलं असतं, मुळांचं विचारलं असतं. पण बायकोच्या बाबतीत मी किडाच धरून बसलो. माझ्या डोक्यातून उडून तिच्या डोक्यात गेला, एवढं माझं शास्त्र.

ती त्या दिवसांत झाडता झाडता मध्येच खाली बसायची. गच्चीवर वाळवण घालायला जाताना जिन्यात थांबायची. मला वाटायचं, मला दाखवायला करते. रुसवा आहे. मी मुद्दाम तिकडे बघत नसे.

शेवटी न्हाव्याकडेच गेलो. त्यालाही आपल्या मशीनवरचा डाग धुऊन काढायचा होता. तो मोठ्या अधिकारानं म्हणाला, “बिबा लावा जी. किडा जागीच खतम.”

बिबा जंगलातला. त्याचं काळं तेल अंगाला लागलं की कातडी उतते, फोड येतात, हे आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल. आणि मी तर रोज गिऱ्हाइकांना बजावतो, फवारताना हातमोजे घाला, तोंडाला फडकं बांधा, वाऱ्याकडे तोंड करू नका. त्याच मी, आगकाडीच्या टोकावर बिब्याचं तेल घेऊन, आरशासमोर, उघड्या हातानं, चट्ट्याभोवती नीट गोल रेघ ओढली. किड्याला पळायला वाट राहू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी डोक्याची ती बाजू फोडांनी भरली, कान सुजला आणि एक डोळा मिटला.

बायकोनं विचारलं, “किडा मेला का?”

“माहीत नाही.”

“मंग चला चंद्रपूरले. दोघंही.”

बसमध्ये ती खिडकीशी बसली, मी कडेला, आणि मध्ये पिशवी. तिनं डोक्यावर पदर घेतला होता, मी दुपट्टा बांधला होता. मूल गावच्या थांब्यावर चढलेल्या एका बाईनं माझ्याकडे पाहून विचारलं, “आग्यामोहळ उठलं का जी?” मी हो म्हटलं. वाघ म्हणालो असतो तरी आमच्या भागात कोणी हरकत घेतली नसती.

चंद्रपूरच्या त्वचेच्या डॉक्टरीणबाई माझ्यापेक्षाही संशयी निघाल्या.

“काय लावलं?”

“काही नाही.”

“काही नाही लावून असं होत नाही.”

“बिबा,” बायकोनं सांगून टाकलं. “त्याच्या आधी लसूण, कांदा, आन् धानाचं औषध.”

“धानाचं?”

“कडुनिंबाचं हो,” मी घाईनं म्हटलं.

त्यांनी दिवा ओढून चट्टा पाहिला, मग माझी नखं पाहिली. नखं कशाला, हे मला कळेना. केसांच्या या आजाराच्या खुणा कधी कधी नखांवरही उमटतात, असं त्या म्हणाल्या. मग हातमोजे काढत सांगितलं, “किडा नाही. चाईत किडा नसतोच. रोगाशी लढायला आपल्या शरीराची एक फौज असते ना, ती चुकून आपल्याच केसांच्या मुळांवर चालून जाते. एवढंच.”

“मग ही लागण...”

“लागण नाही. ना कंगव्यानं, ना हेल्मेटनं, ना न्हाव्याच्या मशीननं.”

मी बायकोकडे पाहिलं. निर्दोष सुटलेल्या माणसाची नजर होती माझी. तिनं दाद दिली नाही.

“पण,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “खाज असती, खपल्या असत्या, पू असता, तर मी बुरशी समजले असते. ती मात्र एकाची दुसऱ्याला लागते. म्हणून तर दाखवायचं असतं. गोल चट्टा दिसला, मूठ मूठ केस जायला लागले, डोक्याची आग होते, की यायचं. बिबा लावून नाही. आधी हे भाजलेलं बरं करू, मग चट्ट्याचं पाहू. कित्येकांचा आपोआप भरतो. वाढायला लागला, भुवयांत, दाढीत आला, तर वाट पाहायची नाही.”

मग त्या बायकोकडे वळल्या. त्यांनी तिची एक बट बोटांत धरून हलकेच ओढली, हातात आलेले केस पाहिले आणि विचारलं, “दोन-तीन महिन्यांआधी मोठा ताप आला होता?”

“नाही,” मी म्हटलं.

“आल्ता,” बायको म्हणाली.

“कधी?”

“रोवण्यात. हिवताप. तुमी दुकानात होते.”

रोवण्याच्या, म्हणजे धान लावण्याच्या दिवसांत माझं दुकान उजाडल्यापासून भरलेलं असतं, हे खरं आहे.

“मोठ्या तापानंतर, बाळंतपणानंतर, एखाद्या धक्क्यानंतर केस असे गळतात,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पण लगेच नाही, दोन-तीन महिन्यांनी. म्हणून लोक कारण आजच्या घरात शोधत बसतात.” मग त्यांनी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. त्यांचा आवाज बदलला. “दम लागतो? जिन्यात थांबावं लागतं?”

“हो.”

“कधीपासून?”

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरीणबाईंनीही पाहिलं. “तुम्ही जरा बाहेर बसा,” त्या मला म्हणाल्या.

बाहेरच्या बाकावर मी एकट्या उघड्या डोळ्यानं त्या बंद दाराकडे पाहत बसलो. धानाची लोंबी पांढरी पडते तेव्हा शेतकरी माझ्याकडे धावत येतो, आणि मी त्याला हसून सांगतो, भाऊ, आता काय फवारता, अळी तर कधीच खोडात शिरली, तुम्हाला आज दिसून राह्यलं. हे वाक्य मी दर हंगामात म्हणतो. त्या बाकावर ते मला एकदाही गमतीचं वाटलं नाही. आत एवढं काय विचारत होत्या? एवढा वेळ का? वेणी गेली तर जाऊ दे, असं मी पहिल्यांदाच मनात म्हटलं, आणि त्या म्हणण्याची मला भीती वाटली.

रक्त तपासलं. थायरॉईड ठीक निघालं. रक्त मात्र फारच कमी होतं. पाळीत ते वर्षभर जास्त जात होतं. तिनं सांगितलं नव्हतं, मी विचारलं नव्हतं, त्यात हिवतापाची भर. डॉक्टरीणबाईंनी बायकांच्या डॉक्टरकडे चिठ्ठी दिली, लोहाच्या गोळ्या दिल्या आणि बजावलं, गोळी चहासोबत घ्यायची नाही.

“आन् वेणी?” बायकोनं विचारलं.

“केस येतात परत. आधी रक्त.”

“किती दिवसांत?”

“महिने लागतील, बाई. दिवस नाही.”

परतीच्या बसमध्ये तिनं गोळ्यांचं पाकीट काढून मागून पुढून वाचलं. “ह्या गोळ्या असली असतीन ना?” म्हणाली. “का ह्यातही कोणाचं कमिशन?” माझ्यासोबत इतकी वर्षं काढल्यावर दुसरं काय होणार! पिशवी तिनं पायाशी ठेवली होती. मध्ये काही नव्हतं.

बायकांच्या डॉक्टरकडच्या खेपा झाल्या, औषध लागू पडलं, जिन्यातलं थांबणं बंद झालं. साळ्याला फोन करून मी इकडचं तिकडचं बोललो. तो हसून म्हणाला, “हेल्मेटचं बोला भाऊजी, हेल्मेटचं.” न्हाव्याला सगळं सांगितलं, तर तो म्हणाला, “पण किडा गेला ना?” त्याला बिब्याचा गुण आला असंच वाटतं. माझ्या चट्ट्यात केस उगवले, पण पांढरे. नंतर काळे होतील म्हणतात.

परवा सकाळी ती उजेडाला बसली आणि मला हाक मारली. कपाळाच्या कडेला बारीक बारीक केस उभे होते, रोप फुटावं तसे.

“पाहा बरं. हे नवे आहेत का जुने तुटले?”

मी वाकून पाहिलं. नीट पाहिलं. तुटलेल्याचं टोक बोथट असतं, यांची टोकं निमुळती होती.

“नवे आहेत.”

“खरं सांगून राह्यले, का माल खपवून राह्यले?”

“खरं.”

“सोमवारी डॉक्टरीणबाईले विचारूच,” ती म्हणाली. “तुमच्यावर भरोसा नाई मले.”

आणि डोकं तसंच माझ्यापुढे धरून बसली.