जिथं गाडी थांबली तिथं खरेदी : धामणगाव बढे ते अमडापूर

…तर सगळ्यात आधी आली ती शेजारची कमलाबाई. जावयाची गाडी अजून गल्लीच्या तोंडाशी होती आणि ही बाई आरतीचं ताट घेऊन माझ्या ओट्यावर हजर! तिला कोणी सांगितलं? मीच. आठ दिवस तेच सांगत होते. माझ्या अकोल्याच्या जावयांनी गाडी घेतली, जुनी का होईना, पण पांढरी आणि लांब डिक्कीची. नात गौरी दहावी पास झाली म्हणून त्याच गाडीतून आम्ही अमडापूरच्या देवीला नारळ फोडायला जाणार होतो. कमलाबाईनं चाकांखाली लिंबं ठेवली, बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. ब्रेककडे कोणी पाहिलं नाही. पूजेत ब्रेक येतच नाही.

तुम्हाला जायचं असेल तर रस्ता सांगते. धामणगावाहून मोताळा, मग राजूर घाट चढून बुलढाणा, पुढे चिखली, तिथून अमडापूर. सकाळीच निघा. घाटात माकडं आहेत, काचा वर ठेवा. आमच्या गाडीत गार हवा होती, त्यामुळे काचा वरच. जावईबापूंच्या शेजारी मी, मागे माझी लेक सुनीता आणि गौरी. एवढ्या थाटात तर मी लग्नातही बसले नव्हते.

मोताळ्यात बकरी आडवी आली. जावईबापूंनी ब्रेक दाबला. बकरी सावकाश निघून गेली, गाडी मात्र थांबू की नको असा विचार करत पुढे सरकली आणि केळीच्या हातगाडीला नाक लावून उभी राहिली.

"काय भाऊ," केळीवाला म्हणाला, "काचातूनच घेता काय केळी?"

"दोन डझन द्या," जावईबापू म्हणाले. चेहरा असा, की थांबायचं होतं ते इथंच.

त्यांचा पाय पार तळाला टेकलेला मी पाहिला होता. पण सासूनं जावयाच्या गाडीला खराब म्हणायचं? आमच्याकडे जावयाच्या चपलेचा अंगठा तुटला तर चपलेला नावं ठेवत नाहीत, रस्त्याला ठेवतात. मी म्हटलं, "बरं झालं, केळी पाहिजेच होती." मागून सुनीता म्हणाली, "किती मऊ ब्रेक हाय नाही? धक्काच बसत नाही!"

घाट चढताना सगळं छान. चढावर ब्रेकची गरजच काय!

चिखलीत जावईबापू म्हणाले, आलुबोंडे खाऊ. गाडी आलुबोंड्याच्या गाड्याला मागे टाकून पुढे गेली आणि झाडूच्या दुकानासमोर थांबली. घेतला एक झाडू. मग चालत मागे येऊन आलुबोंडे खाल्ले. गरम होते, मिरची झणझणीत, तुम्हीही खा. अमडापुरात गाडी नारळवाल्याच्या पुढे जाऊन प्लास्टिकच्या दुकानाशी टेकली, म्हणून बादली. झाडू आणि बादली घेऊन देवीच्या दारी आलेलं आमचं एकच कुटुंब असेल. नारळ फुटला. मी हात जोडले आणि म्हटलं, बाई, पोरगी पास केलीस, आता घाट तेवढा उतरव.

परत बुलढाण्याला येईपर्यंत आम्ही केळीच खात होतो. ब्रेकवर बोलायचं नाही म्हटल्यावर तोंडाला दुसरं काम नव्हतं. घाटाच्या आधी बसस्थानकापाशी मी म्हटलं, "जावईबापू, थांबवा जरा. मले एस.टी.नं जाऊ द्या. पंच्याहत्तरी झाल्यापासून फुकट हाय, सोडवत नाही."

"आईले एकटी कशी सोडू?" सुनीता लगेच उतरली.

"मी आजीजवळ बसते," गौरी म्हणाली.

"जा तुम्ही," जावईबापू म्हणाले. "मी येतो मागून."

बसमध्ये खिडकी मिळाली. खिडकीतून ते दिसत होते. एकटेच, कोरडी काच पुन्हा पुन्हा पुसत, घाटाच्या रस्त्याकडे पाहत. त्यांचा मान आम्ही सांभाळला होता हो, पण त्या मानासकट माणसाला एकटं घाटात पाठवत होतो! मी उठले. कंडक्टर ओरडला, "आजी, कुठं चालल्या? गाडी सुटून राह्यली!"

"सुटू दे बे!" म्हटलं आणि उतरले. मागोमाग दोघी.

"जावईबापू, तुमच्या गाडीचे ब्रेक लागत नाहीत."

ते खाली पाहत म्हणाले, "माहीत हाय, आई. मोताळ्यापासून."

"मंग सांगितलं काऊन नाही?"

"सासुरवाडीत कसं सांगू? आन सुनीता तं म्हणे, किती मऊ ब्रेक!"

"म्या तं तुमचं तोंड पाहून म्हटलं!" सुनीता म्हणाली.

मग गाडीच्या कंपनीच्या बुलढाण्यातल्या वर्कशॉपला फोन केला, त्यांनी टोचन लावून गाडी ओढून नेली. तिथल्या मुलीनं गाडीवरचा नंबर कॉम्प्युटरात घातला आणि म्हणाली, या गाडीच्या ब्रेकचा एक भाग कंपनीनंच परत मागवला आहे, बदलून देऊ, पैसे नाहीत. निरोप केव्हाच पाठवले होते, पण पहिल्या मालकाला. जावईबापूंनी त्या साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, "हो, आले होते मेसेज. फुकट बदलून देतो म्हणे! अशी लई फसवणूक चालते. मी नंबरच ब्लॉक केला." शिकलेला माणूस, सावध तर असणारच.

तेव्हा जुनी गाडी घ्याल, तर आधी कंपनीत नंबर दाखवून विचारा, काही परत मागवलं आहे का. सासुरवाडीला जायच्या आधी विचारा.

भाग यायला वेळ होता. गाडी तिथंच ठेवून आम्ही पुढच्या एस.टी.नं निघालो. मी फुकट, मायलेकींचं अर्धं, पूर्ण तिकीट एकट्या जावईबापूंचं. घाटात बस वळणं घेत उतरू लागली आणि ते म्हणाले, "आई, आता खरंच बोलायचं तं एक सांगू? मले वांग्याची भाजी आवडत नाही."

लग्नापासून दर खेपेला मी यांना भरली वांगी करून घालते! "मंग मागून मागून काऊन खात होते?"

"तुम्ही वाढून राह्यल्या होत्या म्हणून."

गौरी इतकी हसली, की कंडक्टरनं वळून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी ते अकोल्याला गेले. घर शांत झालं. आता ब्रेक नीट होतील, त्याचा आनंद आहेच, पण मी टोपलीतल्या वांग्यांकडे पाहत बसले होते. इतकी वर्षं हा माणूस माझ्यासाठी ती गिळत होता, आणि मी त्याच्यासाठी निवडून आणत होते. संध्याकाळी जावईबापूंचा फोन आला, रविवारी बुलढाण्याहून गाडी घेऊन इकडेच येतो. मी विचारलं, "दोडके चालतात ना तुमाले?"

"खरं सांगू, आई?"

म्हटलं, आता नको, रविवारी येताच आहात, तेव्हा सांगा.