कुणाला हाक मारतेस

थोरलीचं लग्न उरकलं आणि चाळिशीत मी गाणं शिकायला लागले. गुरुजींनी कित्येक दिवस नुसता ‘सा’ लावायला सांगितलं होतं. घरातली माणसं तोंड दाबून हसायची, म्हणून मी सकाळी पळसदरीच्या धरणावर जाऊन बसायचे.

त्याच वाटेनं डोंगरातल्या वाडीवरची एक म्हातारी लाकडाची मोळी घेऊन कर्जतच्या बाजाराला जायची. माझ्याजवळ आली की मोळी बांधावर टेकवायची, डोक्यावरची चुंबळ झटकायची आणि मी तोंड करून गात असेन तिकडे, पाण्यापलीकडे, डोळ्यांवर हात धरून निरखत राहायची.

एकदा तिनं विचारलं, "कुनाला हाक मारतेस गं रोज? येत कसा नाय त्यो?"

"कुणाला नाही, आजी. सूर लावतेय. लागत नाही."

"मार मंग हाका. लांब असंल."

त्यानंतर माझी घाई जरा कमी झाली.

एका सकाळी आवाज कुठेही न हलता लांबवर गेला. म्हातारी तोवर वळणापर्यंत पोचली होती. डोक्यावर मोळी असल्यामुळे तिला मान वळवता येईना, म्हणून ती सगळीच्या सगळी माझ्याकडे फिरली.

"आला गं," ती म्हणाली.

मी खरंच पाण्यापलीकडे बघितलं.