रहमतचाचांची खैरियत

नेरमध्ये रहमत बावर्चीच्या दालच्याला नावं ठेवणारा माणूस अजून जन्माला यायचा होता, असं खुद्द रहमतचाचांचंच म्हणणं होतं. परवेज मेकॅनिकच्या घरचं कार्य असो की नानाजींच्या शेतावरचं मटण, देग चुलीवर चढली की चाचा पळीतला रस तळहातावर घेत आणि जिभेला लावून डोळे मिटत. डोळे उघडले की समजायचं, पंगत बसवायला हरकत नाही.

तर या चाचांचा रक्तदाब वाढला आणि यवतमाळच्या एका दवाखान्यात ते नव्या गोळीच्या चाचणीत सामील झाले. तिथल्या तरुण डॉक्टरनं, अश्वजितनं, नीट समजावलं होतं, "या गोळीनं बीपी उतरतं, ते आम्हाला बऱ्यापैकी ठाऊक आहे. ती आणखी काय त्रास देते ते शोधायचंय. जरा काही वेगळं वाटलं की सांगायचं." चाचांनी मान डोलावली, सही केली आणि शेवटचं वाक्य दवाखान्यातच ठेवून आले.

विसरले म्हणणं अन्यायाचं होईल. माणूस अदबीचा. कुणी आपुलकीनं औषध द्यावं आणि आपण त्यात खोट काढावी, हे त्यांच्या स्वभावात बसत नव्हतं. डॉक्टरचा फोन आला की एकच उत्तर, "खैरियत हाय साहेब, तुमची मेहरबानी." बीपी उतरलं होतं, हे खरंच. पण तोंडात दिवसभर लोखंड चाटल्यासारखी चव असायची, आणि मीठ तर जिभेला सापडेनासंच झालं होतं.

नानाजींकडे चाचांच्या हातचं जेवता जेवता पाहुण्यांनी पाण्याचे माठ रिकामे केले, तेव्हा हलीमाचाचींनी नवऱ्याला धरलं.

"सादचे अब्बा, डाक्टरले सांगत काहून नाही?"

"त्यायनं एवढी फिकर केली अन् मी त्यायच्या गोळीले नावं ठेवू?"

"मंग परवेजभाईच्या तमन्नाच्या लग्नात समुंदर शिजवसान काय?"

तमन्ना चाचांच्या अंगाखांद्यावर खेळलेली पोर. तिच्या लग्नाची देग दुसऱ्या कुणी चढवायची, हा विचारही चाचांना सोसत नव्हता. तरी फोनवर खैरियतच.

डॉक्टर तपासणीसाठी नेरला आला, तर चाचांनी त्याला हट्टानं जेवायला बसवलं. दालचा स्वतः केला. अश्वजितनं पहिला घास घेतला, जरा थांबला आणि तांब्या तोंडाला लावला.

"कसं झालं?"

"वा चाचा! एक नंबर." दुसरा घास, पुन्हा पाणी. पुढचा तांब्या चाचींनी न मागताच आणून ठेवला.

चाचांचं डोकंच फिरलं. "साहेब, खोटं कायले बोलता? निरं मीठ झालं असंन, सांगा ना! खानारा खरं बोलला नाही तं बावर्चीले समजंन कसं?"

बोलून गेले आणि त्यांनी स्वतःचीच जीभ चावली. डॉक्टर हसू दाबत म्हणाला, "खारट आहे चाचा, भयंकर खारट. आता तुमची पाळी."

मग चाचांनी सगळं सांगितलं, मान खाली घालून, चोरी कबूल करावी तसं. अश्वजित रागावला नाही. लिहून घेता घेता एवढंच म्हणाला, "तुमच्यासारखे चार जण अदबीचे निघाले आणि ही गोळी तशीच बाजारात गेली, तर किती जणांच्या तोंडची चव जाईल?"

हे मात्र काळजाला लागलं. "माह्या अदबीपायी?" चाचा पुटपुटले.

ती गोळी बंद झाली, जुन्या ओळखीची दुसरी सुरू झाली. चव बहुतेक परत येईल, पण खात्री देत नाही, असं डॉक्टर बजावून गेला. चाचा असे सुधारले की दवाखान्याचा फोन आला की डावा कान खाजतो, परवा उचकी लागली, सगळं सांगत बसत. पलीकडची नर्स लिहून दमायची. जीभ मात्र ढिम्म. लग्न जवळ आलं. परवेज देगांचं विचारून गेला, आणि चाचांनी "सांगतो" म्हणून तोंड फिरवलं.

एका दुपारी चाचींनी अंबाडीची भाजी वाढली. निकाह झाल्यापासून त्यांच्या हाताला चाचांनी कधी नावं ठेवली नव्हती. आज पहिल्याच घासाला ते थांबले.

"तेल कच्चं राह्यलं," ते म्हणाले. "अन् मीठ कमी हाय."

चाचींनी कमरेवर हात ठेवले. "काय म्हटलं?"

मग त्यांना उमगलं. त्या तिथंच फतकल मारून बसल्या. डोळ्यांतलं पाणी पुसायचंही भान राहिलं नाही.

"सांगा ना," त्या म्हणाल्या, "अजून काय काय बिघडलं भाजीत?"