तलावाच्या वरचं खाचर

तुम्हा दोघा नातवंडांना माझ्या इंग्रजीचं फार कौतुक. त्याच इंग्रजीनं एका गावाचं पाणी गेलं, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

एकोणीसशे ऐंशीनंतर आम्ही नेरूळच्या नव्या इमारतीत राहायला आलो. मागे जुनं गाव, आणि गाव व डोंगर यांच्यामध्ये भातखाचरं. ती सगळी नव्या शहरासाठी सरकार घेणार होतं. आम्हाला भाजी देणारी आगरी बाई एकदा दारात बसली आणि म्हणाली, इंग्रजीत अर्ज लिहून द्या.

“बाकीची जमीन नेवाची तं न्या, पन तलावावरचं माजं खाचर सोडा. डोंगराचं गढूल पानी आदी तिथं येतंय, बांधाला थांबतंय, निवलतंय, मंग तलावान उतरतंय. गाव तेच पितंय.”

“तुमचं पोट त्या शेतावर आहे, तेही लिहू.”

“लिवा. पन पान्याचं लिवा, बाई.”

मी सरकारी कचेरीत अर्ज तपासायचे. अर्जात अर्जदाराची स्वतःची अडचण असावी, गावाची नको, असा माझा शिरस्ता. पाण्याचा मजकूर मी अवांतर म्हणून गाळला. एकही खाडाखोड नव्हती. तिनं विश्वासानं अंगठा उठवला.

अर्ज मान्य झाला. पोट शेतावर, म्हणून शेताच्या बदल्यात तिच्या थोरल्या मुलाला नोकरी लागली आणि खाचर बुजवायला मुरूम पडला. ती पेढे घेऊन आली.

“नोकरी लागली, चांगलं झालं. पन पान्याचं कोनी वाचलंच नाय का?”

“मी ते लिहिलंच नव्हतं,” मी म्हणाले.

ती पेढे ठेवून गेली.

त्या श्रावणात डोंगरावरच्या खदाणींची भुकटी पावसाबरोबर सरळ तलावात उतरली. पाणी राखाडी झालं, चार पदरी फडक्यातूनही गाळलं जाईना. गावातल्या बायका आमच्या इमारतीच्या नळावर येऊ लागल्या, तीही.

“मावशी, तुमच्या गावात तलाव आहे ना?” सोसायटीचे सेक्रेटरी तिला म्हणाले.

“हाय ना. गनपती बुडवाला.”

मी दुसरा अर्ज लिहिला, फक्त पाण्याचा, ते खाचर पुन्हा मोकळं करा म्हणून, आणि आधी तिला मराठीत वाचून दाखवला. उत्तर एका ओळीचं आलं.

“काय म्हनतान?”

“त्या जागेवर आता शेत नाही, त्यामुळे विचार करता येत नाही.”

या वेळी मी काहीच गाळलं नाही. ती हंडा उचलून नळाच्या रांगेत जाऊन उभी राहिली.