साओदाची स्वच्छ बाग

आमच्या डोंगरावर साओदाएवढी टापटिपीची बाई नव्हती, आणि तिच्या नवऱ्याएवढा अघळपघळ माणूस नव्हता. पालेवई कोकोची फळं फोडायचा आणि साली तिथंच झाडाखाली टाकायचा. केळीचे खुंट, पाला, सगळं तिथंच कुजत पडलेलं. त्यावर चिलटंच चिलटं. बोलायला तोंड उघडलं की आत.

"अहो रुसदिनचे अम्बो, बाग आहे का उकिरडा?" साओदा ओरडायची. आमच्याकडं बापाला अम्बो म्हणतात, आईला इंदो.

"अगं, ही चिलटं फुलात शिरतात म्हणून फळ धरतं," तो लवंगेची विडी ओढत म्हणायचा. "बिनपगारी गडी आहेत माझे."

"नाचता येईना अंगण वाकडं! झाडू मारायला नको, म्हणून चिलटांचं कौतुक."

सगळं हसण्यावारी जायचं. मग पालेवई तापानं गेला.

चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला अख्खं गाव येणार होतं. विधवेची बाग घाण दिसली तर लोक बोलणार, आणि आमच्या लोकांना बोलायला निमित्तच हवं असतं मेल्यांना! तिनं साली, पाला, खुंट, सगळं ओढून जाळलं. जमीन अशी लख्ख, की वर भात वाढून खावा. सगळ्यांनी वाहवा केली.

तेव्हापासून रोज सकाळी झाडू. बहर आला, खोडाखोडांवर फुलं लगडली आणि गळून गेली. पुढच्या बहरालाही तेच. मुलगा रुसदिन म्हणाला, "इंदो, आता फळ धरलं नाही तर झाडं तोडून मका लावतो. घरात खायचं काय?"

ती झाडं पालेवईनं लग्नाच्या वर्षी लावलेली. नवऱ्याचं म्हणून तिच्यापाशी तेवढंच उरलेलं. ती हादरली, आणि कुठंतरी घाण राहिली असेल म्हणून जास्तच झाडू लागली.

शेजारीण म्हणून न राहवून मी म्हटलं, "बये, थोडं कुजू दे की! तो सांगायचा ना?"

"तू पण? त्यांचा आळस आता माझ्या गळ्यात बांधू नकोस."

हट्टी बाई! कुणाचं ऐकेल तर शपथ.

फळ धरलं नाही. झाडं तोडली तेव्हा ती जिन्यावर बसून कुऱ्हाडीचे घाव ऐकत होती. खोडं, फांद्या रुसदिननं ओढ्याकडच्या उतारावर ढकलल्या. उतारावर मका होत नाही, म्हणून तिथली चार-पाच झाडं तेवढी वाचली. पावसात तो ढीग कुजला, चिलटं झाली, आणि पुढच्या बहराला त्या झाडांना पार बुंध्यापासून फळं धरली.

रुसदिन धावत आला. "इंदो, चल बघायला! अम्बो होते तेव्हासुद्धा एवढी नव्हती!"

गेली. मीही गेले सोबत. तिनं फळाला हात लावला नाही. चिलटं तोंडावर बसत होती, ती हाकललीही नाहीत. रुसदिन पुढं गेल्यावर मला म्हणाली, "इतकी वर्षं संसार केला गं. ते खरं सांगत होते, आणि मी त्यांना चारचौघांत आळशी म्हणत राहिले. आता कुणाला सांगू, तुमचं बरोबर होतं म्हणून?"