करमत नाही, याला इंग्रजीत काय म्हणतात

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. नवऱ्यापाशी नाही, आईपाशी नाही, आणि जिच्यापाशी बोलायला हवं होतं तिच्यापाशी तर मुळीच नाही. तुम्हाला सांगते आहे ते तुम्ही शालूला ओळखत नाही म्हणून — दुसरं काही कारण नाही.

तशी मी सुखी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. इचोड्याच्या शाळेत इंग्रजी शिकवते, घर स्वतःचं आहे, मुलगा मार्गी लागला. शालू त्याच शाळेत गणित शिकवते आणि माझ्यापासून तिसऱ्या घरात राहते. तिच्याकडे आंबट वरण झालं की वाटी माझ्याकडे येते, आणि ती वाटी मी कधी रिकामी परत पाठवत नाही. अशी मैत्रीण मिळायला नशीब लागतं, असं लोक म्हणतात. खरंच आहे ते.

स्टाफरूममध्ये शालूचा एक ठरलेला विनोद आहे. नवी बाई रुजू झाली की तिला सांगायचं — आमच्या इंग्रजीच्या बाईंना विचारा, करमत नाही याला इंग्रजीत काय म्हणतात? आणि मग स्वतःच उत्तर द्यायचं: बोअर्ड! सगळ्या हसतात. मीही हसते. पंचवीस वर्षं हसते आहे.

आता ऐका. लहानपणापासून मला दुःखाचे इंग्रजी शब्द जमवायचा नाद होता. वडील आदिलाबादला कचेरीत कारकून. त्यांनी कुठूनशी एक जुनी डिक्शनरी आणली होती. सॅड तर कुणालाही येतो हो, पण ग्लूमी, सॉरो, ग्रीफ — आणि मेलनकली! तो तर मला एखाद्या फुलाचंच नाव वाटायचा. स्वतःचं दुःख एकही नव्हतं, शब्द मात्र वहीभर. हे लक्षात ठेवा. मला शब्द येत होते.

पुढे कॉलेजला बेल्लमपल्लीच्या हॉस्टेलमध्ये, सगळ्या तेलुगू पोरींत, मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच. शालू आमच्या आदिलाबादजवळच्या तलमडुगूकडची, मराठी शाळेत शिकलेली. तेलुगू बाजारापुरतं, इंग्रजी त्याहून कमी. प्रिन्सिपल मॅडम दूर समुद्राकडच्या, मराठी त्यांना कळायचं नाही. रजेचा अर्ज इंग्रजीतच लागायचा, आणि शालूचे सगळे कागद मीच लिहायची. त्याचा मला थोडा तोराही होता — थोडा कशाला, चांगलाच होता.

शालूला तिच्या आबांनी वाढवलं होतं. आजोबा. पोळ्याच्या सुमारास घरून फोन आला की आबा माणसं विसरायला लागलेत. शेजारी विसरले, सून विसरले, शालूचं नाव मात्र अजून घेतात. ती फोनवरून आली ती माझ्या खाटेवर येऊन बसली.

"अर्ज लिहून दे व," ती म्हणाली. "आबा मले इसरायच्या आधी जायचं हाय."

आजोबा आजारी असं लिहू का, मी विचारलं. नको म्हणाली. आबा दोन भाकरी खातात, खोटं कसं लिहायचं? आणि विसरतात असंही लिहायचं नव्हतं. म्हातारा येडा झाला म्हणून लोक हसले असते. "नुसतं लिही," ती म्हणाली, "का मले इथं करमून नाही राह्यलं."

म्हणजे सगळा भार एका शब्दावर आला. तो शब्द माझ्या वहीत होता. होमसिक. त्याच्याखाली मी दोनदा रेघ ओढलेली होती. तरी मी लिहिलं — बोअर्ड. मला हॉस्टेलमध्ये कंटाळा आला आहे, तरी चार दिवसांची रजा मिळावी.

का? ती गेली असती तर चार दिवस मराठी बोलायला मला कुणी नव्हतं. ताटावर समोर कोण बसणार, हा माझा प्रश्न होता. दुसरं काहीही नाही. शोधून पाहिलं, सापडलं नाही.

अर्ज परत आला. कंटाळा हे रजेचं कारण नाही, असा लाल शाईत शेरा. शालू रडली, मी तिची समजूत काढली. हो, मीच काढली.

इथवर सांगून थांबता आलं असतं. पण पुढे आहे. तीन आठवड्यांनी मलाच घरची ओढ लागली. मी माझा अर्ज लिहिला आणि त्यात होमसिक घातला. मॅडमनी वाचला, माझ्याकडे पाहून हसल्या आणि सही केली. शालूला मी सांगितलं, मावशीचं ऑपरेशन आहे. तिनं माझी पिशवी भरून दिली, स्टँडवर सोडायला आली, आणि म्हणाली, जमलं तर आबाला पाहून ये.

मी गेले. आबा ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. मी शालूची मैत्रीण, असं सांगताच म्हणाले, "शालू नाही आली काऊन?"

परत आल्यावर शालूला मी एवढंच म्हणाले की आबा बरे आहेत.

दसऱ्याच्या सुटीत ती गेली. आबांच्या हातावर सोनं ठेवून पाया पडली. त्यांनी ती पानं उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारलं, "तू कोनाची व माय?" हे मला शालूनंच सांगितलं. त्यानंतर दीड वर्ष ते जगले. तिचं नाव पुन्हा त्यांच्या तोंडी आलं नाही.

तिची मुलगी यंदा हैदराबादला हॉस्टेलमध्ये राहायला गेली. मागच्या रविवारी शालू फोन हातात घेऊन माझ्याकडे आली. पोरीचा मेसेज होता, दोनच शब्द — फीलिंग होमसिक. शालू जायची तयारी करून राहिली होती, लाडू बांधून झाले होते, खुशीत होती. चहा पिता पिता सहज म्हणाली, "पाह्य, आताच्या पोरींले शब्द तरी येतेत. तवा हा शब्द तुले ठावा असता, तर आबानं मले वळखलं असतं." मग माझा चेहरा पाहून तिलाच वाईट वाटलं. माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "जाऊ दे व. तुले तरी कुठं ठावा होता."

मी म्हणाले, "हो ना. कुठं ठावा होता."