पिवळी खिडकी, राखाडी खिडकी

दोन हजार सालानंतर शहापुरात माझं टायपिंगचं आणि पत्रिकांचं दुकान होतं. एकाच कॉम्प्युटरवर लग्नाच्या पत्रिका आणि दशक्रियेची पत्रं. एकदा शेणव्याचे एक मामा बहिणीला घेऊन भाचीची पत्रिका तपासायला बसले होते. माझ्याकडून भलतंच बटण दाबलं गेलं आणि 'श्री गणेशाय नमः'वर 'दुःखद निधन' येऊन बसलं.

मामा ताडकन उठले. "पोरीच्या पत्रिकेवर मयताचा कागद? चल गो, मुरबाडला करू."

मुरबाडला गेले ते गेलेच, वर गावभर सांगत सुटले. माझी चूक एका बटणाची, बदनामी अख्ख्या दुकानाची. तो राग अजून गेलेला नाही.

लग्नसराई हातची जाणार, हे दिसत होतं. कल्याणच्या एका ओळखीच्याकडून मी घासाघीस करून कॉम्प्युटरवर विंडोजच्या जागी लिनक्स बसवून घेतलं होतं. त्यात पडद्यावरच्या प्रत्येक खिडकीला वेगळं वळण लावता येतं. एका फाइलीत ओळी लिहायच्या: उघडलेल्या कागदाच्या नावात 'लग्न' असेल तर कडा हळदीसारखी पिवळी आणि खिडकी कायम सगळ्यांच्या वर, 'दशक्रिया' असेल तर कडा राखाडी आणि उघडतानाच खाली पट्टीत मिटलेली. एक अक्षर चुकलं की सगळंच पिवळं व्हायचं. मी कॉम्प्युटरला शिव्या घालायचो आणि पुन्हा लिहायचो. शेवटी जमलं. लग्नवाले परत येऊ लागले.

मग सापगावचा एक शेतकरी वडिलांच्या दशक्रियेचं पत्र करायला आला. मजकूर खाली दडलेला. ओढून वर काढला, तर निम्मा कुणाच्या तरी पत्रिकेखाली झाकलेला.

"काय रे शेठ, माझा बाप चोरून मेला काय? दुसऱ्याच्या हळदीखाली कशाला दडपतो त्याला?"

"लोक अपशकुन मानतात, दादा."

"कुठं हायत लोक? इथं तर कोण पण नाय."

खरंच कोणी नव्हतं. मी पिवळी खिडकी बंद केली आणि विचारलं, "कडेला रंग कोणता देऊ?"

"राबातल्या भाताच्या रोपाचा दे. जलम त्यातच गेला त्याचा."

तीन-चार हिरवे दाखवले तेव्हा त्याला एक पटला. कडा फक्त पडद्यावर दिसते, हा रंग कागदावर येणार नाही, हे मी सांगितलं. "माहीत हाय," म्हणाला आणि वडिलांचं नाव वाचत बसला.

तो गेल्यावर मी फाइलीतली 'दशक्रिया'ची ओळ खोडली. त्यानंतर समोर लग्नवाले असले, तरच मी ती खिडकी हाताने मिटायचो.